सोड!

सहा-सात वर्षांची असताना आमच्या गुऱ्हाळात मला एक कायमची नोकरी होती. पगार वाटीभर काकवी. आबा इंजिनाला हँडल मारायला लागले की इंजिनाच्या डोक्यावरचा बोटभर लांबीचा लोखंडी खटका मी उचलून धरायचा, आणि त्यांनी ‘सोड!’ म्हटलं की सोडायचा. तेवढंच काम. पण त्या एका शब्दाआधीचे पाच-सात फेरे मला अजून पोटात जाणवतात. पहिल्या फेऱ्याला चाक जड, आबांचा दंड थरथरायचा. दुसऱ्या-तिसऱ्याला जरा हलकं. इंजिन नुसतंच फुस्स, फुस्स करत श्वास टाकायचं. मग चाकाला गती यायची, आबांचा सदरा पाठीला चिकटायचा आणि एकदम आवाज यायचा, ‘सोड!’ मी बोट काढायची. इंजिनाला आतून धक्का बसायचा, धुरांड्यातून काळं वर्तुळ उडायचं आणि थड्... थड्... थडथड सुरू. तिकडं घाण्याचा पट्टा ताणला जायचा, चुलवाणापाशी जाळ घालायला बसलेला जळव्या चिपाडाचा पहिला हारा आत ढकलायचा. माझ्या बोटामुळं एवढा कारखाना चालू झाला असं मला वाटायचं, आणि ते फार खोटंही नव्हतं.

त्या खटक्याला सगळे ‘डीकॉम्प’ म्हणायचे. हा इंग्रजी शब्द आहे हे मला आठवीत कळलं. तोवर तो मला चुलवाण, काहिल यांच्याच भावकीतला वाटत होता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलेंडरमधली हवा इतकी दाबायची की ती तापते आणि वरून फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. ही हवा हातानं हँडल मारून दाबणं माणसाच्या ताकदीबाहेरचं. म्हणून खटका उचलायचा. त्यानं धूर बाहेर जायचा व्हॉल्व्ह जरासा उघडा राहतो, हवा दाबली न जाता निसटते आणि चाक फिरवता येतं. चाकात पुरेसा जोर साठला की खटका सोडायचा. मग दाबायचं काम माणसाच्या दंडाला न पडता चाकाच्या गतीला पडतं. सगळी मेख ‘कधी सोडायचा’ यात.

एकदा मी घाई केली. आबांनी हाक मारलीच नव्हती; पलीकडं गूळ करणारा गुळव्या कुणाला तरी ‘सोड’ म्हणाला होता. मी सोडला. हँडल अर्ध्या फेऱ्यात अडकलं आणि उलटं फिरलं. आबांचं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर सहा आठवडे होतं. त्या हंगामात कोल्हापूरच्या शाहूपुरी बाजारात गेलेल्या गुळाच्या पावत्यांवर डाव्या हाताच्या सह्या आहेत. त्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. मनगट मात्र अजून पुरतं वळत नाही; भाकरी मोडताना ते हात जरा तिरका धरतात. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मी शाळेत विज्ञान शिकवते. ‘दाब’ हा धडा आला की माझी नजर वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलांच्या मनगटांकडं जाते.

पुढं वीज आली, मोटार आली, इंजिन भंगारात गेलं. नंतर गुऱ्हाळही बंद पडलं. डीकॉम्प हा शब्द घरातून नाहीसा झाला. तो परत आला 2019 च्या महापुरानंतर.

आमचं शेत भोगावती नदीच्या काठाला. त्या ऑगस्टात पाणी ओसरलं तेव्हा उसाच्या रानात दोन निलगिरी, एक आख्खं जांभळाचं झाड आणि कुणाच्या तरी बांधावरून आलेला रेन ट्रीचा बुंधा येऊन पडलेला. आमचा ऊस मात्र वाहून गेलेला. झाडं तोडायला माणूस मिळेना. सगळ्या काठावर तीच गत. मग धाकट्या भावानं 70 सीसीचा पेट्रोलवरचा चेनसॉ विकत आणला. आमच्याकडं त्याला सगळे कटरच म्हणतात. यंत्र दांडगं. भाऊ पुण्याला परत गेला आणि कटर, पडलेली झाडं आणि रोजंदारीवर येणारा एक गडी असं सगळं माझ्याकडं राहिलं.

झाकणाजवळ एक निळं बटण होतं. मी माहितीपुस्तक उघडलं आणि तो शब्द समोर आला. डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह. जत्रेत बालपणीची मैत्रीण भेटावी तशी मी त्या बटणाकडं बघत बसले.

इथं थोडं गणित करते, वर्गात करते तसं. सिलेंडरचा व्यास 50 मिलिमीटर, पिस्टनची धाव 36. म्हणजे झाले 70 सीसी आणि वर चिमूटभर. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ साधारण 19.6 चौरस सेंटिमीटर. धडधाकट यंत्राला गेज लावून दोरी ओढली तर दाब 150 पीएसआयच्या आसपास दिसतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलो. गुणा. पिस्टनच्या डोक्यावर दोनशे किलोच्या वर भार, दोन दांडग्या गड्यांएवढा. अर्थात तो सगळा आपल्या हातावर येत नाही. क्रँक आणि दोरीची पुली मध्ये आहेत आणि त्यांचा तरफेसारखा फायदा मिळतो. पण जो उरतो तो खांद्याचा सांधा हलवायला पुरेसा असतो. आणि पिस्टन माथ्यापर्यंत पोचायच्या आत ठिणगी पडली की दोरी उलट हिसडा देते. मूठ सैल असेल तर बोटं सोलते, घट्ट असेल तर कोपर झटकते.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला आमच्या गुऱ्हाळातल्या इंजिनासारखे वर-खाली होणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टनच त्यांची उघडझाप करतो. त्यामुळं उचलून धरायला काही नसतंच. म्हणून सिलेंडरला वेगळं भोक पाडून त्यात हा करंगळीएवढा व्हॉल्व्ह आटे फिरवून बसवतात. आत एक बारीक दांडी, तिच्या खालच्या टोकाला अळंबीसारखी टोपी, वर बटण. बटण दाबलं की अळंबी सिलेंडरच्या आत उतरते, बाजूनं वाट मोकळी होते आणि काही हवा निसटते. दोरी हलकी लागते. इंजिनानं पहिला स्फोट केला की तोच दाब अळंबीला खालून वर ढकलतो, वाट बंद होते, बटण टक्कन वर येतं.

म्हणजे ‘सोड!’ म्हणायला आबा नकोत आणि खटका सोडायला मी नको. इंजिन स्वतःच हाक देतं, स्वतःच सोडतं. घाई होण्याची सोयच ठेवलेली नाही. हे ज्यानं पहिल्यांदा जुळवलं त्याच्या घरीही कुणाचं तरी मनगट मोडलं असावं, असं मला उगीच वाटतं.

पण ही सोय किती नाजूक आहे बघा. दाबलेलं बटण हवेच्या साध्या दाबाला दाद देऊन वर येता कामा नये आणि स्फोटाच्या दाबाला मात्र लगेच वर आलं पाहिजे. या दोन दाबांच्या मधल्या जागेत त्याचा संसार. त्यात काजळी शिरली की संसार मोडतो. कधी बटण खाली टिकतच नाही, प्रत्येक ओढीला परत दाबावं लागतं. कधी ते खालीच रुतून बसतं आणि इंजिन सुरू होऊनही दम धरत नाही. हे दोन्ही रोग डोळ्यांना दिसतात, त्यामुळं त्यांची मला फारशी धास्ती नाही. तिसरा मात्र चोर आहे. बटण वर येतं, टक्क आवाजही करतं. पण अळंबी आणि तिच्या बैठकीच्या मध्ये कार्बनचा एखादा कण अडकलेला असतो. बाहेरून सगळं ठीक आणि आतून दाब गळतोय.

आमच्या यंत्राला हाच रोग झाला. तिसऱ्या पावसाळ्यात कटर लाकडात शिरला की रडायला लागला. गार असताना पंधरा-पंधरा ओढी लागायच्या. शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी आधी कार्बोरेटर धुतला, मग प्लग बदलला, मग ‘मॅडम, रिंगा गेल्यात’ म्हणून पिस्टन आणि रिंगा बदलल्या. साडेचार हजार झाले. घरी आणून ओंडक्याला लावला तर रडणं तेच, फक्त नव्या रिंगांसकट.

तेव्हा मी उद्यमनगर गाठलं. कोल्हापूरचं उद्यमनगर माहीत नसलेल्यांसाठी एवढंच सांगते, की तिथं तुम्ही मोडकी वस्तू घेऊन गेलात तर ‘नवीन घ्या’ असं म्हणणारा माणूस चटकन भेटत नाही. एका गल्लीत लेथवर काम करणारे वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. जुन्या बुलेटी ही त्यांची खासियत. त्या बुलेटींना हँडलपाशी डीकॉम्पची बारीक दांडी असायची; अँपिअरचा काटा मध्यावर आला की दांडी ओढून पिस्टन जरा पुढं सरकवायचा आणि मग किक मारायची. ज्यांनी तो शिरस्ता पाळला नाही ते घोटा धरून मामांकडंच यायचे, असं मामा मिश्कीलपणे सांगतात. तेव्हा डीकॉम्प म्हणजे काय हे त्यांना समजावावं लागलं नाही.

त्यांनी कटर सुरूसुद्धा केला नाही. वरचं झाकण काढलं, बटणाच्या बुडाशी बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढं धरलं. काळं, तेलकट.

‘‘हितनं थुकतंय बघा.’’

बटणाची प्लास्टिकची टोपी एका बाजूनं मऊ पडून वाकडी झाली होती. गरम वायू रोज तिथून निसटत होता आणि आम्ही तिला उन्हानं वाकली समजत होतो. मामांनी व्हॉल्व्ह काढला, त्या जागी लेथवर केलेला एक आखूड बोल्ट खाली वॉशर घालून बसवला आणि गेज लावला. काटा आधी 100 च्या जरा वर अडखळत होता, तो 150 ला भिडला. चेनसॉ दुरुस्तीतली इतकी स्वस्त आणि इतकी निर्णायक तपासणी मला तरी दुसरी ठाऊक नाही. साडेचार हजारांच्या आधी कुणी हा बोल्ट लावून बघितला असता तर, असो.

बोल्टावरून आठवलं. मामांच्या टेबलावर एक सिलेंडर पडला होता, याच भोकात बाजारातला साधा 10 एमएमचा बोल्ट पिळून बसवलेला. आमच्या यंत्राच्या भोकाचे आटे बारीक, 1 मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं. साध्या बोल्टाचे दीड. सिलेंडर ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा. कोण हरणार हे सांगायला नको. आणि बोल्ट लांबीला जास्त झाला तर पिस्टन वर येऊन त्याच्यावरच आपटतो. म्हणून ‘एक बोल्ट तर ठोकायचाय’ असं कुणी म्हणालं की मला तो सिलेंडर दिसतो.

मामांनी तपासणीचा बोल्ट काढला नाही. म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे आता. बोल्ट गळत न्हाई.’’ त्या वाक्याला उत्तर नव्हतं. जगभर जड कटर चालवणारे पुष्कळ लोक हेच करतात: व्हॉल्व्ह काढून फेकतात आणि भोक बंद करतात. नसलेली वस्तू बिघडत नाही. शिवाय व्हॉल्व्ह उघडा असताना दाब कमी, त्यामुळं एखाद-दोन ओढी जास्त लागतात ही त्यांची तक्रारही खरी आहे.

आमचा गडी तर खूश झाला. एके काळी तालमीत जाणारा, खासबागेच्या मैदानात एकदा कुस्ती काढलेला माणूस. त्याला ते बटण पहिल्यापासून खुपत होतं. ‘‘आक्का, त्ये बटण बायकांसाठी असतंय,’’ असं तो मला म्हणाला होता आणि मग मी कोण आहे हे लक्षात येऊन बांधाकडं बघत राहिला होता. आता बटणच गेलं. तो दोरी अशी ओढायचा की जणू समोर जोडीदार उभा आहे. पहिल्या महिन्यात दोरीची मूठ तुटली. दुसऱ्यात दोरी. नंतर एका सकाळी उलट हिसडा बसला आणि उजव्या हाताची दोन बोटं सुजून काकडीएवढी झाली. ‘‘काय न्हाई मर्दा,’’ असं तो त्या बोटांनाच म्हणाला. चार दिवस कामावर आला नाही. त्या चार दिवसांत मी एकदा ओढून बघितलं. खांद्यातून कळ निघाली ती दिवाळीपर्यंत मुक्कामाला राहिली. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला वर्गातला उंच मुलगा लागायचा.

तेव्हा मला कळलं की मामांच्या वाक्यात एक गोष्ट सुटली होती. बोल्ट गळत नाही हे खरं. पण जो दाब भोकातून जात होता तो आता आमच्या सांध्यांतून जात होता. बोल्ट हा रोग ओळखायचा उपाय होता, आम्ही त्यालाच औषध समजून बसलो होतो.

नवा व्हॉल्व्ह चारेकशे रुपयांना आला. तो बसवला आणि मग मी त्याच्या मागं लागले, शिक्षकी पेशाला शोभेल अशी. कार्बन येतो कुठून? आमच्या बाबतीत उत्तर पत्र्याच्या डब्यात होतं. आमच्या यंत्राला 50 ला 1 असं मिश्रण लागतं. लिटरभर पेट्रोलला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. गडी टोपणानं मापायचा आणि ‘इंजिनाला जरा जास्त बरं’ म्हणून दुसरं टोपण ओतायचा. आजारी माणसाला तूप जास्त घालतात तसं प्रेमानं. ते जास्तीचं तेल धड जळत नाही; पिस्टनच्या माथ्यावर, सायलेन्सरच्या जाळीत आणि या अळंबीच्या काठाला काजळी होऊन बसतं. आता शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तसली मोजनळी मी विकत आणून डब्याला सुतळीनं बांधली आहे.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. 2023 च्या फेब्रुवारीपासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल देशात यायला लागलं. इथेनॉल उसाच्या मळीतून निघतं, आमच्या जिल्ह्यातले साखर कारखानेही ते काढतात. म्हणजे काठावरचा ऊस फिरून आमच्याच कटरच्या टाकीत येतो. त्याबद्दल अभिमान बाळगावा, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि भोगावतीकाठच्या जुलैत हवेत पाण्याखेरीज असतं काय? म्हणून आता लागेल तेवढंच कालवते, पंधरा दिवसांच्या वर मिश्रण ठेवत नाही आणि यंत्र महिनाभर बसणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवते.

व्हॉल्व्हची निगा म्हणजे फार काही नाही. एअर फिल्टर साफ करते त्याच वेळी बटणाभोवतीचा भुसा ब्रशनं काढते; इंजिन गार आणि बंद असताना बटण दहा वेळा दाबून-उचलून बघते, बोटाला ते कुरकुरलेलं कळतं. शंका आली तर प्लगची वायर काढून बुडाशी साबणाचं पाणी सोडायचं, बटण वर ठेवून दोरी सावकाश ओढायची. बुडबुडे आले तर गळतंय. मग व्हॉल्व्ह खोलायचा. पण खोलण्याआधी आजूबाजूची घाण फुंकून काढायची, नाहीतर तो सगळा भुसा सरळ सिलेंडरात. पेट्रोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशनं घासायचा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. बैठकीवर चरा पडला तर कायमची गळती. बसवताना आधी आटे बोटांनी फिरवायचे, शेवटचा पाव फेरा पान्यानं आणि तोही हलक्या हातानं. चालू इंजिनाचं बटण कधीच दाबायचं नाही. एवढं करूनही एखादा व्हॉल्व्ह एका हंगामात जातो आणि एखादा वर्षानुवर्षं टिकतो. खोक्यात एक जादा ठेवलेला असतो, मामांच्या बोल्टाशेजारी.

अजून एक गंमत आहे. गार यंत्र चोक ओढून सुरू करताना ते एकदा ‘भक्’ करतं आणि बंद पडतं. त्या एका भक्‌मध्येच बटण आपलं काम करून वर येऊन बसलेलं असतं. चोक अर्धा केल्यावर ते पुन्हा दाबावं लागतं. हे न कळल्यानं कितीतरी लोक पुढच्या ओढीला पुरा दाब अंगावर घेतात आणि म्हणतात, बटण असून उपयोग नाही.

गेल्या पावसाळ्यात गगनबावडा रस्त्याकडच्या आमच्या पाणंदीवर सुबाभूळ आडवी झाली. आबा छत्री घेऊन बघायला आले. मी कटर जमिनीवर ठेवला, मागच्या मुठीत बूट अडकवला, डाव्या हातानं पुढची मूठ दाबून धरली, अंगठ्यानं बटण दाबलं. ते वाकून बघत होते.

‘‘ह्येला डीकॉम्प हाय व्हय?’’

‘‘आहे.’’

‘‘मग सोडतंय कोण?’’

मी सांगितलं, ते आपलं आपण सुटतं. आबांनी छत्री डाव्या हातात घेतली. मी दोरी ओढली, भक् झालं, परत दाबलं, परत ओढली. तिसऱ्या ओढीला यंत्रानं धरलं आणि बटण टक्कन वर. ते त्यांना ऐकू गेलं नसणार, दिसलं मात्र. ‘‘बरं केलंय,’’ म्हणाले आणि उजवं मनगट सदऱ्याला पुसत पाणंदीनं परत निघाले.

मग कटर गड्याच्या हातात दिला. फांद्या उतरवून झाल्या, पेट्रोल भरायला यंत्र थांबवलं. मी चहाचा थर्मास आणायला बांधापाशी गेले. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर त्यानं आधी माझी त्याच्याकडं पाठ आहे ना याचा अंदाज घेतला, पाणंदीच्या टोकाकडं बघितलं, आणि अंगठ्यानं हळूच बटण दाबलं. मी थर्मासचं झाकण उगीच जास्त वेळ फिरवत राहिले.